पदराआड ऐकलेला श्वास

“ऊठ म्हणावं तिला, भुरे… ऊठ म्हणावं! जीप दारात येऊन उभी आहे!”

सुभेदार नेतरामांनी हे शब्द गोठ्यातल्या म्हशीकडे पाहून उच्चारले. पण ते कुणासाठी होते हे अंगणातल्या प्रत्येक जिवाला ठाऊक होते. अंगणाच्या मधोमध त्यांच्या मुलाची, दलीपची, काळी लोखंडी पेटी ठेवलेली होती, तिच्यावर पांढऱ्या रंगाने त्याचे नाव आणि पलटण लिहिलेली… आणि त्या पेटीवर, छातीपर्यंत घुंगट ओढून, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून त्यांची सून सुगणी बसली होती. बसली होती आणि उठत नव्हती!

या गावात घरटी एक तरी अशी पेटी निघते. ती निघताना सासू टिळा लावते, गूळ भरवते, म्हातारा मिशीला पीळ देत जीपपर्यंत जातो, आणि सून दाराआड उभी राहून डोळे पुसते. पेटीवर कुणी बसत नाही. असे आजवर कधी घडलेच नव्हते.

“भुरे,” घुंगटाआडून मऊ आवाज आला, “तू सांग बापूजींना. पेटी जाईल, पण पलटणीत नाही. आधी लष्करी इस्पितळात जाईल. रजा संपली की छाती तपासून घ्यायला तिथं बोलावलंय यांना. यांनी घरात सांगितलं नाही. मला किस्तुरीकडून कळलं, तिचा नवरा यांच्याच पलटणीत आहे.”

सासऱ्याशी सून बोलत नाही, ही त्या वाळवंटी मुलखातली रीत. ज्या घरात लेकरू असते तिथे सून लेकराच्या तोंडून बोलते. सुगणीची कूस देवाने अजून उजवली नव्हती, सासू कानांनी अधू… तेव्हा राहिली ती भुरी! ‘भुरे, चहा निवतोय,’ असे सुगणीने म्हणावे, आणि ‘भुरे, साखर कमी घाल म्हणावं,’ असे सुभेदारांनी उत्तर द्यावे. बिचारी म्हैस दोघांचे ऐकून घेई आणि रवंथ करी.

“भुरे, तुला काही अक्कल आहे का?” सुभेदारांचा आवाज चढला. “छातीची तक्रार लिहिली गेली की पोराची आरोग्यश्रेणी खाली येते. श्रेणी खाली आली की पुढच्या हुद्द्याचं शिक्षण बंद. हवालदाराचा हवालदार राहील जन्मभर! माझा बाप हवालदार होऊन मेला, मी सुभेदार झालो, आणि तिसऱ्या पिढीनं जिना उतरायचा? तोही कशासाठी, तर खोकल्यासाठी! अरे, गोळी लागली असती तर सदरा उघडून गावाला छाती दाखवली असती. खोकला काय दाखवायचा?”

भिंतीपलीकडून शेजारच्या किस्तुरीचे डोके वर आले. “अगं बाई! पेटीवर बसून अंडी उबवतेय की काय ही?”

जीपवाला खो खो हसला. दलीपचा चेहरा अपमानाने काळवंडला. तो पुढे झाला, खालच्या आवाजात म्हणाला, “सुगणी, ऊठ. माझी लाज काढू नकोस.” ती हलली नाही. तेव्हा रागाच्या भरात त्याने पेटीची कडी धरली आणि बायकोसकट ती पेटी दाराकडे ओढायला सुरुवात केली.

चार पावले… फक्त चार पावले! आणि मग तो आवाज आला. फुटक्या बासरीतून वारा जावा तसा, बारीक, चिरका, केविलवाणा. रणगाडा चालवणारा तो धिप्पाड गडी कडी सोडून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, मग वाळूतच बसला, आणि तोंड उघडे टाकून हवा शोधू लागला. एवढे मोकळे आभाळ, एवढी हवा… आणि त्याच्या वाट्याला घोटभर येत नव्हती!

“काही नाही,” सुभेदार घाईघाईने म्हणाले, “काल दही खाल्लंय त्यानं.”

“बापूजी!”

हा शब्द भुरीला नव्हता. सून सासऱ्याशी बोलली होती!

“दही नाही, बापूजी. वाळू आहे ती. रणगाड्याच्या झरोक्यातून मान बाहेर काढून यांनी किती उन्हाळे ती गिळली, वर डिझेलचा धूर गिळला, छावणीमागं जळणारा कचरा गिळला. तुम्ही यांना तूप-मिरी चाटवलीत, ओव्याची वाफ दिलीत, भरतीच्या पोरांबरोबर रोज पहाटे टेकडीवर पळवलंत. पळून वाळू बाहेर येते का हो? यांच्या छातीत तीच वाळू आहे जी…”

पुढचे वाक्य तिच्या ओठांशी आले होते. तिने ते गिळले.

सुभेदारांनी काठी वाळूत आपटली. संतापाने, की आणखी कशाने, कोण जाणे! “सासूला सांगा हिच्या,” आता त्यांनी म्हशीचे नावही घेतले नाही, “आज दलीप इस्पितळात गेला, तर या सुनेच्या हातचा घास मला वर्ज्य आहे. मरेपर्यंत!”

घरातल्या वडीलधाऱ्याने सुनेच्या हातची रोटी नाकारणे याहून मोठी शिक्षा त्या मुलखात नाही. त्यापेक्षा माहेरी धाडलेले परवडते. सुगणीच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू ओघळले. पण ते घुंगटाआड होते, कुणाला दिसले नाहीत. दिसला तो तिचा ताठ कणा.

“कबूल आहे, बापूजी. रोटी सासूबाईंच्या हातची खा, माझी काही तक्रार नाही. रोटी दुसऱ्याच्या हातची खाता येते… श्वास दुसऱ्याचा घेता येत नाही.”

आणि ती पेटीवरून उठली. जीपवाल्याने पेटी चढवली, तिच्याशेजारी ती स्वतः जाऊन बसली, आणि धापा टाकणारा दलीप इस्पितळाच्या वाटेला मागोमाग चढला.

* * *

लोकांना वाटते, घुंगटाआडच्या बाईला काही कळत नाही. पण ज्या डोळ्यांवर कापड असते त्यांची उणीव कान भरून काढतात! सुगणी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिने सासऱ्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. पाहिल्या त्या फक्त त्यांच्या मोजड्या, काठीचे टोक, धोतराचा काठ. पण त्यांचा श्वास मात्र तिला पाठ होता. बैठकीच्या दोन पायऱ्या चढताना तो कुठे अडतो, हुक्क्याचे निमित्त करून ते का खाकरतात, आणि रोज पहाटे बातम्यांच्या आधीच रेडिओ एवढ्या मोठ्याने का लावतात… त्या रेडिओच्या खरखरीखाली दुसरी कोणती खरखर लपवलेली असते, हे तिला पहिल्याच सकाळी कळले होते. सासूला ऐकू येत नव्हते, दलीप पलटणीत. ऐकणारी ती एकटी.

तेव्हा ती कुणाला काय सांगणार? नवी सून, सासऱ्याच्या छातीबद्दल कशी बोलणार? तिने एवढेच केले, की बैठकीच्या भिंतीला लागून असलेली चूल मोडली आणि गोठ्यामागे नवी घातली. घरात केवढा गहजब झाला होता! ‘सुनेची लहर!’ म्हणून सुभेदार मोठ्याने हसले होते. ती भुरीला म्हणाली होती, ‘भुरे, बैठकीत धूर जातो गं, चांगला नसतो.’ भुरीने ऐकले होते. आणखी कुणी ऐकले नाही.

आणि यंदा रजेवर आलेल्या दलीपच्या छातीत तिने जेव्हा तोच आवाज ऐकला… तोच, अगदी तोच! बापाचा आवाज पोराला मिळावा तसा… तेव्हा तिच्या हातातली परात खाली पडली. ती रोज गोगाजी देवाच्या ओट्यावरच्या खेजडीला, म्हणजे आपल्या शमीला, लोटाभर पाणी घालून मगच स्वतः पाण्याचा घोट घ्यायची. असा तिचा नेम होता. त्या दिवशी तिने खेजडीच्या बुंध्याला कपाळ टेकले आणि देवाजवळ काही मागितले नाही. फक्त सांगितले, ‘मी हे पुन्हा होऊ देणार नाही.’

* * *

इस्पितळात मेजर हुद्द्याच्या डॉक्टरबाई होत्या. दलीप ताठ उभा राहून म्हणाला, “सगळं ठीक आहे, मॅडम.” बापाने पढवलेले वाक्य!

“ठीक नाही, मॅडम,” सुगणी म्हणाली. “उताणे झोपू शकत नाहीत. वाकून मोजे चढवतानाही थांबतात. आणि… आणि हसताना मध्येच थांबतात. पूर्वी असे नव्हते हसत.”

दलीपने चमकून तिच्याकडे पाहिले. आपले हसू कुणी असे ऐकत असेल हे त्याच्या स्वप्नीही नव्हते.

त्याला नळीत फुंकायला सांगितले. ‘जोरात, अजून जोरात, सोडू नका!’ फुंकता फुंकता त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आले, पण यंत्रावरची रेघ टेकडी चढायच्या आतच खाली पडली. डॉक्टरबाईंनी रेघेचा कागद त्याच्यापुढे ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या, “हवालदार, जी वाळू डोळ्यांना दिसते ती नाकात अडते. जी दिसत नाही तीच आत जाते. आणखी एखादा उन्हाळा तिथं काढला असता तर मी तुम्हाला खाटेवर भेटले असते. गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते औषधांनी टिकवता येईल. वाळवंट मात्र बंद.”

श्रेणी खाली आली. हिरव्या, पाऊसपाण्याच्या मुलखातल्या एका भांडारात बदली झाली. पुढचा हुद्दा दूर गेला… फार दूर.

इस्पितळाच्या फाटकाशी दलीप थांबला. “झालं तुझ्या मनासारखं? शत्रूला जमलं नसतं ते तू केलंस, सुगणी. माझ्या खांद्यावर चढायचं होतं ते तू स्वतःच्या हातानं उतरवलंस.”

“हो, उतरवलं,” ती म्हणाली. “खांद्यावर काय आहे ते मला नको. खांद्यांच्या मधोमध आहे ते हवं.”

तो पाठ फिरवून निघून गेला. नव्या ठिकाणाहून त्याचे फोन येत ते बापाला. ‘औषध घेतो’ एवढे तो सांगे, आणि सुगणी दाराआडून तेवढेच ऐकून घेई. तिच्यासाठी एक शब्दही नसे. एकही नाही!

* * *

गावाने तिला नाव ठेवले: नवऱ्याच्या हुद्द्याची फीत कापणारी. नळावर ती आली की कुजबुज थांबे आणि किस्तुरीचे तोंड सुरू होई. “या बाई, या! आमच्याही नवऱ्यांच्या फिती आणल्यात, कात्री आणलीय ना?”

“कात्री कशाला?” सुगणी घागर भरता भरता म्हणे. “तुझा नवरा दारातून चुलीपर्यंत येताना किती वेळा थांबतो तेवढं फक्त ऐक.”

घरात वेगळीच तऱ्हा. सुभेदार सुनेच्या हातचे खात नव्हते, आणि सासूची बोटे सांध्यांनी वाकलेली. मग बाजरीचे पीठ सुगणी मळायची, रोटी सुगणी थापायची, तव्यावर टाकायची आणि शेवटी सासू चिमट्याने ती एकदा उलटायची. ‘माझ्या हातची आहे हो!’ म्हणून ताट पुढे सरकवायची. सुभेदार पहिला घास घेत, क्षणभर थांबत… आणि काही न बोलता खात. सत्य सगळ्यांना ठाऊक होते. पण अभिमान हा असा पाहुणा आहे, की त्याला ऊठ म्हणायला घरात कुणाची जीभ रेटत नाही!

भुरीशीही ते आता बोलेनासे झाले. अंगणात एवढी शांतता कधी नव्हती. आणि त्या शांततेत सुगणीला पहाटेचा रेडिओ दिवसेंदिवस मोठा होताना ऐकू येत होता.

मग भर उन्हाळ्याचा जेठ महिना आला.

त्या दिवशी सकाळपासून सासूला ताप होता, तिची उस्तवार करता करता सुगणीचा नेम राहून गेला. दुपारी ती लोटा घेऊन निघाली तर पश्चिमेची कड तांबडी झालेली. बघता बघता ती कड उठली, भिंत झाली, सूर्य गिळून गावावर कोसळली! हाताला हात दिसेना. दारे आपटली, पत्रे उडाले. सुगणी भिंत धरून उभी राहिली, आणि त्या घोंघावणाऱ्या तांबड्या अंधारात तिला भुरीचे हंबरणे ऐकू आले. खेजडीच्या बाजूने. सकाळी चरायला सोडलेल्या भुरीला आणायला कोण गेले असेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती धावली. दिसत काहीच नव्हते, पण तिला दिसण्याची सवय होतीच कुठे! तिने कान दिले. वारा… भुरी… आणि त्या दोन्हींच्या खाली, तुटत चाललेला, चिरका, ओळखीचा तो श्वास.

सुभेदार नेतराम गोगाजींच्या ओट्याला पाठ टेकून बसले होते. एका हातात भुरीचा दोर, दुसरा हात छातीवर. तोंड उघडे, ओठ निळसर. सुगणीने क्षणाचाही विचार केला नाही. तिने डोक्यावरची ओढणी ओढून काढली, नेमाचे सगळे पाणी तिच्यावर ओतले आणि तो ओला कपडा सासऱ्यांच्या नाकातोंडाभोवती गुंडाळला. मग त्यांना आपल्या खांद्यावर पुढे झुकवले आणि पाठीने वारा अडवून बसली. ज्या कापडाने इतकी वर्षे तिचा चेहरा त्यांच्यापासून झाकला होता, त्याच कापडातून आज त्यांचा श्वास गाळून आत जात होता! खेजडीचे पाणी एका म्हाताऱ्याच्या छातीसाठी खर्ची पडले. देव रागावला असेल असे वाटत नाही.

“हळू, बापूजी… घाई नको. आत घ्या… सोडा… मी मोजते आहे, तुम्ही फक्त माझ्या मागून या.”

वादळ ओसरले तेव्हा दोघांच्याही भुवयांवर, केसांवर तांबडी धूळ बसली होती. सुभेदारांनी डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सुनेचा चेहरा पाहिला. उघडा, धुळीने माखलेला, अश्रूंच्या दोन ओघळांनी चिरलेला.

“कधीपासून…” त्यांना बोलवत नव्हते, “कधीपासून ठाऊक होतं तुला?”

“या घरातल्या पहिल्या सकाळपासून.”

“म्हणजे मी रेडिओ…”

“उगाच लावत होतात, बापूजी. धान्याचे भाव मला फुकट पाठ झाले.”

म्हाताऱ्याला हसू आले, त्याचा खोकला झाला, आणि खोकल्याचे रडू झाले. तोफांपुढे न हललेला तो माणूस ओल्या ओढणीत तोंड लपवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “मी लपवलं, बींदणी, सूनबाई! रणगाड्यावर असतानाच सुरू झालं होतं. ‘ठीक आहे, साहेब,’ म्हणत राहिलो, सुभेदार झालो. वाटलं, माझं निभलं तसं पोराचंही निभेल. म्हणून त्याला तेच वाक्य शिकवलं… माझंच कुठं निभलं होतं गं? तुला ठाऊक होतं तर बोलली का नाहीस?”

“बोलले होते की,” सुगणी भुरीच्या मानेवरची धूळ झटकत म्हणाली. “हिला विचारा. तुमच्या वाट्याचं बोलणं हिला सांगून थांबले, ती माझी चूक. यांच्या वेळी म्हणूनच पेटीवर बसले.”

सुभेदारांनी भुरीचा दोर सुनेच्या हातात दिला. मग म्हणाले, “घरी चल. भूक लागलीय. आणि आज रोटी… उलटायचीसुद्धा तूच.”

* * *

आठवड्याभराने अंगणात पुन्हा एक काळी पेटी आली. जुनी, पोचे आलेली, नाव अर्धे पुसलेले. सुभेदार नेतराम आपली पदके लावून त्या पेटीवर ताठ बसले होते. दारात जीप होती. भिंतीवरून किस्तुरीचे डोके डोकावत होते.

“अगं सुगणी, तोंड झाक! बापूजी समोर बसलेत!”

ओढणी सुगणीच्या डोक्यावर होती, चेहऱ्यावर नव्हती. तिने ती खाली ओढली नाही. तिच्या वतीने सुभेदारच गरजले, “राहू दे उघडं! झाकून काय मिळवलं या घरानं? आणि किस्तुरे, ऐक, चावडीवरही सांग जा. मी छाती दाखवायला इस्पितळात चाललोय. हो, खोकलाच दाखवायला! माझ्या सुनेनं फीत कापली नाही, माझ्या पोराच्या गळ्यातला फास कापला.”

किस्तुरीचे डोके भिंतीवर आणखी थोडे वर आले. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, “बापूजी… आमचे हे पुढच्या महिन्यात रजेवर येतायत. ते… दारातून चुलीपर्यंत दोनदा थांबतात.”

“मग पेटी बाहेर काढायच्या आत तिच्यावर बसून टाक,” सुगणी म्हणाली. “जड जात नाही. मी बसून पाहिलंय.”

तेवढ्यात जीपमधून कुणी तरी उतरले. सुगणीने वळून पाहिले. दलीप! वडिलांनी स्वतः फोन करून त्याला बोलावले होते, सारे काही सांगितले होते. तो अंगणात आला, तिच्यासमोर उभा राहिला. त्याने डोळे पुसले आणि एवढेच म्हणाला, “तिकडं टेकडी आहे, सुगणी. हळूहळू चढतो. न थांबता वरपर्यंत जातो. वर गेलो की तुला सांगावंसं वाटतं… आणि लाज वाटते.”

ती काही बोलणार, एवढ्यात पेटीवरून सुभेदारांनी घसा खाकरला. सवयीने त्यांची नजर गोठ्याकडे वळली.

“भुरे, सांग तिला. म्हाताऱ्याला इस्पितळाची भीती वाटतेय. सोबत चल म्हणावं.”

“भुरीला कशाला सांगता, बापूजी?” सुगणी म्हणाली. “मी इथेच आहे.”

भुरीने मान वर करून दोघांकडे पाहिले, जणू एवढ्या वर्षांच्या नोकरीतून तिला आज निवृत्ती मिळाली. ते पाहून दलीपला हसू फुटले. आधी नाकातून, मग तोंडभर, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अंगणातले सगळेच हसू लागले.

सुगणी मात्र हसली नाही. ती डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होती. लांबच लांब हसू… आणि ते मध्ये कुठेच तुटले नाही.